इंटरनेटचा जमाखर्च कोणी तपासावा?

वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्च वाचून दाखविण्याची प्रथा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी मोठ्या निष्ठेने सांभाळली आहे. इंदूर असो, बडोदे असो, दिल्ली असो वा कोलकाता असो, खजिनदार उभा राहतो, गणेशोत्सवाची वर्गणी, नाट्यप्रयोगातील तूट, ग्रंथालयाची खरेदी, विजेचे बिल अशा एकेक रकमा वाचीत जातो, आणि मागच्या रांगेतील एखादे वयोवृद्ध सभासद मधेच हात वर करून विचारतात, "हा अमुक खर्च कशापायी झाला?" सभेतील तरुण मंडळींना हा प्रश्न पुष्कळदा कंटाळवाणा वाटतो. परंतु मंडळाचा कारभार पन्नास-पन्नास वर्षे सुरळीत चालतो, त्याचे बरेचसे श्रेय अशा प्रश्नांकडे जाते.

समजा, असा एक प्रश्न 'संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण' या रकमेविषयी निघाला. मंडळाच्या नावापुढे 'डॉट ऑर्ग' हा प्रत्यय आहे आणि ते नाव राखण्यासाठी दरवर्षी हजार-बाराशे रुपये भरावे लागतात. खजिनदार सांगेल की, पैसे न भरल्यास नाव हातचे जाईल, म्हणून ते भरावेच लागतात. परंतु हा दर कोण ठरवितो, त्यातील किती भाग कोणाकडे जातो, आणि घेणाऱ्याला त्याचा हिशेब विचारणारे कोणी आहे की नाही, असे तीन उपप्रश्न त्या सभासदांनी पुढे विचारले, तर खजिनदाराजवळ उत्तर असणार नाही. यात खजिनदाराचा काही दोष नाही. या तीन प्रश्नांवर जगातील जाणती माणसे गेली पंचवीस वर्षे वाद घालीत आली आहेत, आणि त्यांतील एक वाद तर न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला.

प्रथम या व्यवस्थेची रचना पाहावयास हवी. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांस अंकांनी ओळखतात. माणसाला अंक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून अंकांच्या जागी नावे आली. कोणत्या नावाचा कोणता अंक, याच्या नोंदवह्या ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. 'कॉम'ची एक, 'ऑर्ग'ची एक, भारताच्या 'इन'ची एक. या सर्व नोंदवह्या कोठे आहेत हे सांगणारी जी सर्वांत वरची वही, तिला 'मूळ क्षेत्र' म्हणतात. ही वही एकच असावी लागते. एका गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या झाल्या तर टपालवाल्याची जी अवस्था होईल, तीच दोन मूळ वह्या झाल्यास साऱ्या जगाची होईल. जिथे वही एकच असते, तिथे वही सांभाळणाऱ्याच्या हाती आपोआप सत्ता येते. तो शब्दशः कोणावरही राज्य करीत नाही. पण त्याच्या नोंदीवाचून कोणाचे चालतही नाही.

प्रारंभी ही वही एका माणसाच्या विश्वासावर चालत असे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल हे शास्त्रज्ञ अमेरिकी सरकारच्या करारान्वये, मोजक्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने, हे काम अनेक वर्षे पाहत होते. त्यांच्या निःस्पृहतेवर सर्वांचा भरवसा होता. परंतु इंटरनेटवर व्यापार सुरू झाला, नावांना बाजारभाव आला, आणि एका सज्जनाच्या वहीवर जगाचा व्यवहार चालविणे अशक्य झाले. १९९८ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या व्यापार खात्याने हे काम एका खाजगी, विनानफा संस्थेकडे सोपविण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली 'आयकॅन' ही संस्था नोंदविली गेली. दुर्दैवाने त्यानंतर महिना पुरा होण्यापूर्वीच पोस्टेल निधन पावले. ज्या एका माणसाच्या शब्दाला सर्वजण मानीत होते, तो गेला. आणि मागे उरली एक संस्था, जिच्या शब्दाला मानावे की नाही हे अद्याप कोणी ठरविलेले नव्हते.

संस्था स्थापन झाली, पण तिचे सभासद कोण, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून अवघड होऊन बसला. पहिले संचालक निवडून आलेले नव्हते. ते नेमलेले होते. १९९९ मध्ये या संस्थेने प्रत्येक नावामागे वर्षाला एक डॉलर आकारण्याची योजना पुढे मांडली, तेव्हा अमेरिकेत मोठी ओरड झाली. जुलै महिन्यात तेथील लोकप्रतिनिधी सभेच्या एका उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि योजना बाजूला ठेवावी लागली. प्रतिनिधित्वावाचून कर द्यावयाचा नाही, हा विचार अमेरिकनांच्या रक्तातच मुरलेला असल्यामुळे त्यांनी तो येथेही लावला. आकार म्हणा वा शुल्क म्हणा. जे चुकविता येत नाही आणि ज्याचा दर देणाऱ्याला ठरविता येत नाही, ते व्यवहारात कराच्याच जातीचे असते.

यावर उपाय म्हणून सामान्य उपयोगकर्त्यांना मताधिकार देण्याचे ठरले. मूळ कल्पना अशी होती की, एकोणीस संचालकांपैकी नऊ संचालक जगभरच्या उपयोगकर्त्यांनी निवडावेत. प्रत्यक्षात पाचच जागांची निवडणूक झाली, पृथ्वीच्या पाच विभागांतून प्रत्येकी एक. २००० च्या ऑक्टोबरात झालेली ही निवडणूक इतिहासात एकमेव म्हणावी अशी होती. ज्याच्याजवळ ई-मेलचा आणि टपालाचा पत्ता आहे, आणि ज्याचे वय सोळा वर्षे पूर्ण झाले आहे, अशा जगातील कोणाही व्यक्तीला नाव नोंदविण्याची मुभा होती. गुप्त संकेतांक टपालाने घरी यावयाचा आणि मतदान इंटरनेटवर करावयाचे. नोंदणी पूर्ण करणाऱ्यांची संख्या सुमारे ७६,००० भरली आणि प्रत्यक्ष मतदान ३४,०३५ जणांनी केले.

या आकड्यांची विभागणी फार बोलकी आहे. आशिया व पॅसिफिक विभागात १७,७४५ मते पडली, युरोपात ११,३०९, उत्तर अमेरिकेत ३,४४९, लॅटिन अमेरिकेत १,४०२, आणि संपूर्ण आफ्रिका खंडातून केवळ १३०. म्हणजे एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेला जमावेत तेवढ्या मतदारांनी एका खंडाचा प्रतिनिधी निवडला. तरीही त्या निवडणुकीतून घानाचे नी क्वेनर, जपानचे मासानोबू काटो, जर्मनीचे आंडी म्यूलर-मागुन, ब्राझीलचे इव्हान मौरा कांपोस आणि अमेरिकेचे कार्ल ऑरबाख अशी पाच माणसे संचालक मंडळात आली, आणि त्यांपैकी शेवटच्या गृहस्थांनी, मराठी मंडळाच्या मागच्या रांगेतील वयोवृद्ध सभासदांप्रमाणेच, हात वर करून हिशेब मागितला.

ऑरबाख हे संगणकजाळ्यांचे तंत्रज्ञ होते आणि कायद्याचे शिक्षणही त्यांनी घेतलेले होते. संचालक होताच त्यांनी संस्थेची खतावणी आणि अन्य दप्तर पाहावयास मागितले. ज्याच्या नावावर निर्णयाची जबाबदारी येते त्याला वह्या पाहता याव्यात, यात वावगे काही नव्हते. परंतु संस्थेच्या चालकांनी प्रथम त्यासाठी कार्यपद्धती तयार केली, आणि मग त्या पद्धतीतील गोपनीयतेच्या अटींवर सही केल्यावाचून दप्तर दाखविता येणार नाही, अशी भूमिका घेतली. ऑरबाख यांचे म्हणणे असे की, गोपनीय बाब गोपनीय राखण्याचे कर्तव्य संचालकावर कायद्याने आहेच. परंतु कोणती बाब गोपनीय हे ज्यांच्या कामाची तपासणी करावयाची त्यांनीच आधी ठरवावे, हे उलटे झाले. पत्रव्यवहारात महिन्यांमागून महिने गेले. अखेर २००२ च्या मार्चमध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात स्वतःच्याच संस्थेविरुद्ध दावा लावला.

हा दावा अपहाराचा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैसा खाल्ला गेला असा आरोप करण्यासाठी ऑरबाख न्यायालयात गेले नव्हते. वही पाहण्याचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी गेले होते. कॅलिफोर्नियाच्या विनानफा संस्थांच्या कायद्यात, प्रत्येक संचालकाला कोणत्याही वाजवी वेळी सर्व दप्तर पाहण्याचा व त्याची नक्कल घेण्याचा निरपवाद हक्क दिलेला आहे. २९ जुलै २००२ रोजी न्यायाधीशांनी ऑरबाख यांच्या बाजूने निर्णय दिला. आज या घटनेकडे पाहताना असे वाटते की, संस्थेने वह्या पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवल्या असत्या तर तिचे काहीच बिघडले नसते. त्या मिटलेल्या ठेवण्याच्या आग्रहाने मात्र तिच्याविषयीचा संशय वाढला. सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत हा अनुभव जुना आहे. हिशेबातील चूक लोक पुष्कळदा क्षमा करतात. हिशेब दाखविण्यातील टाळाटाळ क्षमा करीत नाहीत.

परंतु ऑरबाख यांचा विजय फार काळ पुरला नाही. ते खटला लढवीत असतानाच, ज्या निवडणुकीने ते आले ती निवडणूकच रद्द होण्याच्या मार्गावर होती. २००२ च्या फेब्रुवारीत संस्थेचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी सुधारणेचा एक आराखडा प्रसिद्ध केला आणि जागतिक निवडणुकांचा प्रयोग सोडून द्यावा असे प्रतिपादन केले. मार्चमध्ये घानाची राजधानी आक्रा येथे भरलेल्या सभेत संचालक मंडळाने तो मार्ग पत्करला, आणि वर्ष संपण्यापूर्वी नवी घटना आली. लोकांनी संचालक निवडण्याची तरतूद तीत उरली नाही. तिच्या जागी एक नामनिर्देशन समिती आली आणि उपयोगकर्त्यांसाठी एक सल्लागार समिती नेमण्यात आली.

या निर्णयामागील कारणे केवळ सत्तालोभाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १३० मतांवर एका खंडाचे प्रतिनिधित्व ठरावे, हे समर्थनीय नव्हते. कित्येक देशांत नोंदणीची मोहीम राष्ट्रीय अभिमानाच्या बळावर चालली, आणि विभागाचा प्रतिनिधी निवडण्यापेक्षा आपल्या देशाचा माणूस निवडून आणण्याकडे मतदारांचा कल दिसला. जगातील कोट्यवधी उपयोगकर्त्यांची मतदारयादी कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा, एखाद्या धनाढ्य कंपनीने वा सरकारने आपली माणसे हजारोंनी नोंदविली तर त्यांना कोण अडविणार, या शंकांना समाधानकारक उत्तर कोणाजवळही नव्हते. मतपेटी हे लोकशाहीचे साधन खरे. पण मतदारयादीच जर निश्चित नसेल तर मतपेटीने निश्चित काय होणार?

इतके मान्य करूनही हिशेबाची बेरीज काही बदलत नाही. आरंभी एकोणिसांपैकी नऊ जागांचे आश्वासन होते. त्यांपैकी पाच मिळाल्या, पुढे त्याही गेल्या. उपयोगकर्त्यांच्या समुदायाने निवडलेल्या एका संचालकाला मताधिकारासह मंडळात जागा मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले. आज मताधिकार असलेल्या सोळा संचालकांपैकी आठ नामनिर्देशन समितीकडून येतात, सहा जण नावे, राष्ट्रीय प्रत्यय व अंक यांच्याशी संबंधित असलेल्या तीन संघटनांकडून येतात, एक संस्थेचा अध्यक्ष असतो, आणि एक, केवळ एक, सामान्य उपयोगकर्त्यांचा. नामनिर्देशन समितीवर उपयोगकर्त्यांच्या सल्लागार समितीची पाच माणसे असतात, तेव्हा त्यांचा आवाज अगदीच नाही असे नाही. पण नऊ आणि एक यांतील अंतर त्याने भरून निघत नाही.

दरम्यान संस्थेचा पैसा वाढत गेला. सुरुवातीच्या काळात तिचा वार्षिक खर्च काही दशलक्ष डॉलरांत भागत असे. अलीकडे तो चौदा-पंधरा कोटी डॉलरांच्या घरात असतो. 'कॉम', 'ऑर्ग' यांसारख्या प्रत्ययांच्या नावामागे नाव विकणारा दुकानदार संस्थेला जे शुल्क देतो, ते बरीच वर्षे १८ सेंट होते आणि २०२५ च्या जुलैपासून २० सेंट झाले. वीस सेंट म्हणजे काहीच नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु अशी नावे जगात वीस कोटींहून अधिक आहेत. वीस कोटींना वीस सेंटांनी गुणले की चार कोटी डॉलर होतात. याखेरीज नोंदवही राखणाऱ्यांकडून येणारे शुल्क निराळे. मिठावरील कराची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चिमटीएवढ्या रकमेतून केवढे उत्पन्न उभे राहते आणि देणाऱ्याला ते कसे जाणवत नाही, हे निराळे सांगावयास नको.

याहून मोठ्या रकमाही आल्या. २०१२ मध्ये संस्थेने नवे प्रत्यय देण्यासाठी अर्ज मागविले, तेव्हा प्रत्येक अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते आणि १,९३० अर्ज आले. नुसत्या शुल्काची रक्कम सुमारे ३५ कोटी ७० लाख डॉलर होते. एकाच नावावर अनेकांचा डोळा असेल तर लिलाव झाले. 'वेब' हा एकच प्रत्यय २०१६ मध्ये साडेतेरा कोटी डॉलरांना गेला. लिलावाचे पैसे वर्षानुवर्षे बाजूला राहिले. ते लोकोपयोगी कामासाठी वाटावेत, यावर दीर्घ चर्चा होऊन २०२४ मध्ये अनुदान योजना सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या फेरीसाठी एक कोटी डॉलर ठेवण्यात आले. हा पैसा कोणाचा, तो कोणी व कशावर खर्चावा, हे ठरविण्यास इतकी वर्षे लागली, यावरून संस्थेचे मालक कोण हा प्रश्न किती अनिर्णित आहे याची कल्पना येते.

आता मंडळाच्या 'ऑर्ग' या नावाकडे परत यावयास हरकत नाही. हा प्रत्यय मुख्यतः सेवाभावी संस्था वापरतात, आणि त्याची नोंदवही 'इंटरनेट सोसायटी' या विनानफा संस्थेच्या शाखेकडे २००३ पासून आहे. पूर्वीच्या करारात नावाचा घाऊक दर वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नसे. २०१९ मध्ये कराराचे नूतनीकरण होताना ही मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. लोकांची मते मागविण्यात आली. तीन हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि त्यांतील बहुतेक सारे विरोधात होते. तरीही जूनअखेर मर्यादा काढण्यात आली. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तोच 'ऑर्ग'ची नोंदवही ११३ कोटी ५० लाख डॉलरांना एका नफा कमावणाऱ्या गुंतवणूक कंपनीस विकण्याचा बेत जाहीर झाला. ज्या संस्थांनी आपले नाव वर्षानुवर्षे पत्रिकांवर, पावत्यांवर आणि पाट्यांवर छापले होते, त्यांच्या ध्यानात आले की, नाव आपले आहे असे आपण समजत होतो. वस्तुतः ते भाड्याचे आहे, आणि घरमालक बदलत आहे.

या वेळी मात्र सेवाभावी संस्थांनी जोराचा विरोध केला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एप्रिल २०२० मध्ये पत्र लिहून आक्षेप नोंदविला, आणि ३० एप्रिल रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने हस्तांतरास संमती नाकारली. दरमर्यादेसंबंधीचा निर्णय घेताना संस्थेने आपल्याच घटनेतील पारदर्शकतेच्या अटी पाळल्या नाहीत, असा निष्कर्ष पुढे २०२२ मध्ये एका स्वतंत्र पुनरावलोकन मंडळानेही काढला. या प्रकरणातून निघणारा बोध दुहेरी आहे. तीन हजार अभिप्रायांनी जे झाले नाही, ते संघटित विरोध आणि कायद्याचा अधिकार एकत्र आल्यावर झाले. मत मागविणे आणि मत मानणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला केवळ एक पत्ता पुरतो, दुसरीला अधिकार लागतो.

तसा काही अधिकार २०१६ पासून प्राप्त झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारने या कामावरील आपली देखरेख संपविली. सरकारचा हात निघाला तर संस्थेला जाब कोण विचारणार, या चिंतेतून नवी घटना तयार झाली. तीत पाच घटकांचा मिळून एक 'अधिकारसंपन्न समुदाय' कल्पिला आहे, आणि उपयोगकर्त्यांची सल्लागार समिती हा त्यांपैकी एक घटक आहे. या समुदायाला अंदाजपत्रक फेटाळता येते आणि संचालकाला दूर करता येते. विशेष म्हणजे, यांतील कोणत्याही एका घटकाला संस्थेच्या हिशेबवह्या तपासावयास मागण्याचा हक्क आहे, आणि गैरव्यवहाराचा विश्वसनीय आरोप असल्यास तीन घटक मिळून स्वतंत्र चौकशीची मागणी करू शकतात. २००२ मध्ये एका संचालकाला जे न्यायालयात जाऊन मिळवावे लागले, त्याचे बीज चौदा वर्षांनी घटनेत रुजले. अंदाजपत्रक फेटाळण्यासाठी मात्र पाचांपैकी चार घटकांची संमती लागते आणि विरोधात एकाहून अधिक घटक असता कामा नये. म्हणजे उपयोगकर्ते एकटे काही करू शकत नाहीत. अधिकार आहे, पण तो गजरासारखा भिंतीवर टांगलेला आहे. वाजविण्यासाठी चार हात लागतात.

अधिकारापेक्षाही कठीण गोष्ट आहे सवडीची. संस्थेचे अंदाजपत्रक दरवर्षी मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे ठेवले जाते, कोणालाही त्यावर अभिप्राय देता येतो, आणि अमेरिकेच्या करविषयक कायद्यानुसार अधिकाऱ्यांच्या वेतनाचे आकडेही प्रसिद्ध होतात. परंतु ते सारे वाचणार कोण? नावांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. उपयोगकर्त्यांचा प्रतिनिधी आपली नोकरी वा धंदा सांभाळून, रात्री जागून हे काम करतो. सभा वर्षातून तीनदा, जगाच्या निरनिराळ्या टोकांना भरतात. त्या कोणालाही विनामूल्य खुल्या असतात. नवी दिल्लीत २००८ साली आणि हैदराबादेत २०१६ साली अशा सभा भरल्या होत्या. पण दरवेळी सभा आपल्या देशात येत नाही. प्रवासखर्च पुष्कळदा संस्थाच देते, आणि येथे एक नाजूक पेच उभा राहतो. ज्याचा हिशेब तपासावयाचा, त्यानेच काढून दिलेल्या तिकिटावर जावयाचे. तपासणारा कितीही सचोटीचा असला तरी ही अवस्था चांगली नव्हे. भारतीय राज्यघटनेने महालेखापरीक्षकाचे वेतन संचित निधीतून देण्याची व्यवस्था केली, ती याच पेचाची जाण ठेवून.

प्रतिनिधी पगारी असो वा बिनपगारी, तो असण्याने काय फरक पडतो, याचे मराठी माणसाला सहज पटेल असे एक उदाहरण आहे. २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील 'डॉट भारत' हा प्रत्यय सुरू झाला. मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी तो आहे. मूळ क्षेत्रात देवनागरी नावे लिहावयाची तर कोणती अक्षरे व कोणत्या अक्षरजोडण्या चालतील, याचे नियम करणे आवश्यक होते. हिंदीत 'ऱ' या अक्षराचे तसे काम पडत नाही. मराठीत मात्र 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्र यांच्याइतके अंतर आहे, आणि तो रफार नसेल तर 'वऱ्हाड' हे एका संपूर्ण प्रदेशाचे नाव लिहिताच येणार नाही. नियम करणाऱ्या तज्ज्ञगटात भारतीय भाषांचे जाणकार होते, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील तज्ज्ञांचा त्यात भाग होता, आणि म्हणून देवनागरीच्या नियमावलीत या रफाराची तरतूद झाली. त्या खोलीत मराठी जाणणारे कोणीच नसते, तर कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, केवळ अज्ञानाने, वऱ्हाड वगळला गेला असता. अन्याय पुष्कळदा असाच होतो. विचारावयाचे ज्याला, तो तिथे नसतो.

उलट, हिशेब आणि प्रतिनिधित्व या दोहोंची आबाळ झाली तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. इंटरनेटवरील अंकांचे वाटप पाच प्रादेशिक संस्था करतात. त्यांपैकी आफ्रिकेची संस्था मॉरिशसमध्ये आहे. तिच्या नोंदींत फेरफार होऊन लक्षावधी पत्ते परस्पर गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. पुढे दावे-प्रतिदावे वाढले, संचालक मंडळाची गणसंख्या उरली नाही, आणि २०२३ मध्ये न्यायालयाला संस्थेवर प्रशासक नेमावा लागला. २०२५ च्या जूनमधील निवडणूक मुखत्यारपत्रांच्या वादामुळे रद्द झाली. सप्टेंबरात ती पुन्हा घ्यावी लागली. निवडणुकीचा नियम कागदावर असणे पुरेसे नाही. वही चोख असावी लागते, आणि ती वाचणारा मतदारही जागा असावा लागतो.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या कायद्याने प्रत्येक सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे. तो वापरणारे थोडे असतात. पण कोणीतरी केव्हातरी येऊन वही मागेल, या जाणिवेनेच पुष्कळ वह्या नीट लिहिल्या जातात. इंटरनेटच्या संस्थांपुढील काम याहून फारसे निराळे नाही. हिशेब सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडला जावा. उपयोगकर्त्यांच्या प्रतिनिधींचा खर्च ज्यांना ते जाब विचारतात त्यांच्या मर्जीवर अवलंबून नसावा. आणि मागविलेल्या प्रत्येक अभिप्रायाला, तो का मानला वा का मानला नाही याचे उत्तर मिळावे. सोळांतील एका जागेचा प्रश्न त्यानंतर सुटला नाही तरी निदान चर्चेत राहील.

मंडळाच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या वयोवृद्ध सभासदांना आता काही उत्तर देता येईल. शुल्काचा एक लहान भाग कॅलिफोर्नियातील एका विनानफा संस्थेला जातो. तिचे अंदाजपत्रक दरवर्षी सर्वांसमोर येते. तिच्या उपयोगकर्त्यांच्या समुदायात आशिया-पॅसिफिक विभागाची एक संघटना आहे आणि तीत सामान्य व्यक्ती व संस्था यांना सामील होता येते. मंडळातील एखाद्या तरुणाने त्या मसुद्याची पाने उलटून दोन प्रश्न लिहून पाठविले, तर कदाचित त्यांचे उत्तर येईल, कदाचित येणारही नाही. परंतु पुढील वर्षीच्या सभेत खजिनदार जेव्हा ती हजार-बाराशेंची रक्कम वाचील, तेव्हा ती कोणाकडे गेली एवढे तरी सभेला माहीत असेल. आणि पुढचा प्रश्न विचारण्यास त्या सभासदांच्या शेजारी आणखी एक हात वर झालेला असेल.